घरच्या बकरीचं अंग कसं ओळखावं आणि चारा कसा बेतावा

संध्याकाळी रानातून परतलेल्या बकरीचं पोट दोन्ही बाजूंनी भरलेलं दिसतं आणि शेजारीण म्हणते, "काय वं बाई, तुही बकरी तं लय अंगानं भरली!" त्याच बकरीच्या कमरेवर हात ठेवला तर कधीकधी मणके करवतीच्या दात्यांसारखे बोटांना लागतात. पोट भरलेलं असणं वेगळं आणि अंग धरलेलं असणं वेगळं. घरच्या दोन-चार बकऱ्यांच्या खाण्यापिण्यातल्या बहुतेक चुका हा फरक न ओळखल्यामुळे होतात. बारीक बकरी पोटामुळे धडधाकट वाटते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. उलट, लाडानं वाढवलेल्या बकरीवर आतून चरबी चढलेली असते आणि घरचे कौतुकानं आणखी एक भाकर टाकतात.

हा लेख विदर्भात अंगणात, गोठ्याच्या कोपऱ्यात दोन, तीन, फार तर पाच-सहा बकऱ्या ठेवणाऱ्यांसाठी आहे. दुधासाठी, पिल्लांसाठी किंवा नुसत्या मायेपोटी पाळलेल्या बकऱ्यांसाठी. मोठ्या फार्मचं गणित वेगळं असतं, त्यात इथे जात नाही.

पोट का फसवतं

बकरीच्या पोटाची डावी बाजू म्हणजे मुख्यतः कोटीपोट. खाल्लेला चारा तिथे साठतो, आंबतो, मग रवंथ होतो. चरून आलेल्या बकरीच्या कोटीपोटात चारा आणि पाणी मिळून कित्येक किलोंचा ऐवज असतो. निकस चारा, म्हणजे जुनी तणीस (भाताचा पेंढा) किंवा वाळलेलं गवत, पोटात जास्त वेळ पडून राहतं. त्यामुळे कसदार चारा खाणाऱ्या बकरीपेक्षा निकस चारा खाणारीचं पोट अनेकदा मोठं दिसतं. जंत झालेल्या पिल्लाचं पोट नगाऱ्यागत होतं आणि ढुंगणाची हाडं वर येतात, हे तर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गाभण बकरीचं पोट उजवीकडे खाली उतरतं. ही सगळी पोटं मोठीच, पण त्यातल्या एकाचाही बकरीच्या अंगाशी संबंध नाही.

दुसरी गोष्ट बकरीच्या जातीतच आहे. गायीच्या अंगावर चरबी चढली की ती पाठीवर, शेपटीच्या मुळाशी दिसते. बकरी चरबी आधी पोटाच्या आत साठवते, आतड्यांभोवती आणि मूत्रपिंडांभोवती. कातडीखाली ती उशिरा येते. म्हणून बकरी बाहेरून 'बरी' दिसायला लागते, तेव्हा ती आतून जाड झालेली असू शकते. नजरेवर विसंबू नका, हात लावा.

हातानं तपासायची रीत

सकाळी, चारा टाकण्याआधी, बकरी सपाट जागेवर चारही पायांवर सरळ उभी असावी. ओढाताण करू नका, कारण घाबरलेली बकरी पाठ कमानीसारखी करते आणि हाताला चुकीचं कळतं. एकानं गळ्याखाली हात घालून धरावं, दुसऱ्यानं तपासावं. बकरी हातची असेल तर एकट्यालाही जमतं.

पहिली जागा कमरेची. शेवटची बरगडी संपते आणि पुठ्ठ्याचं हाड सुरू होतं, त्या मधल्या भागावर तळहात पाठीच्या मध्यावर ठेवा. मधोमध मणक्यांची वर आलेली टोकं लागतील. त्यांच्या दोन्ही बाजूंना, साधारण बोटभर खाली, मणक्यांची आडवी हाडं असतात. अंगठा वर ठेवून बाकीची बोटं बाजूनं या आडव्या हाडांच्या टोकांखाली सरकवायचा प्रयत्न करा. बोटं सहज आत जात असतील आणि प्रत्येक हाड सुटं मोजता येत असेल, तर बकरी खंगलेली आहे. टोकं गोलसर लागतात आणि मोजायला थोडं दाबावं लागतं, तर ठीक. कितीही दाबलं तरी हाडं लागत नाहीत, नुसता गुळगुळीत मांसल काठ लागतो, तर बकरी जाड झाली.

मणक्याचा उभा भाग आणि ही आडवी हाडं यांच्यामधला खोलगा मांसानं भरलेला असायला हवा. खंगलेल्या बकरीत तो आतल्या बाजूला वाकलेला असतो, चांगल्या बकरीत उतरता पण भरलेला, आणि जाड बकरीत फुगीर.

दुसरी जागा छातीची. पुढच्या दोन पायांच्या मधून हात खाली घाला. तिथे छातीच्या हाडावर चरबीची एक गादी असते. ती दोन बोटांत धरून इकडेतिकडे हलवून पाहा. बकरी आतून चरबी साठवते म्हणून ही जागा फार महत्त्वाची, बऱ्याचदा कमरेपेक्षा आधी बोलते. गादी जवळजवळ नाहीच, कातडी हाडाला चिकटलेली, तर बारीक. गादी हाताला लागते आणि सहज हलते, तर छान. ती जाड, घट्ट आणि हलेनाशी झाली, की लाड कमी करायची वेळ आली.

तिसरी जागा बरगड्यांची. तळहात सपाट ठेवून हलक्या दाबानं फिरवा. बरगड्या कळाव्यात, पण डोळ्यांना दुरून दिसू नयेत. हिवाळ्यात केस वाढले की बरगड्या दिसतच नाहीत, म्हणून इथेही हातच.

पशुवैद्यक या तपासणीला 1 ते 5 असे गुण देतात, मधे अर्धा गुणही धरतात. 1 म्हणजे हाडांचा सापळा, 5 म्हणजे मणका शोधूनही सापडत नाही. घरच्या मोठ्या बकरीचा गुण अडीच ते साडेतीनच्या दरम्यान असावा. बोकड दाखवायच्या वेळी 3 च्या आसपास, वितेवेळी 3 ते साडेतीन. दूध पाजताना ती थोडी उतरणारच, त्यात घाबरण्यासारखं नाही, पण 2 च्या खाली जाऊ देऊ नका. पहिल्याच दिवशी अचूक गुण द्यायचा हट्ट धरू नका. गावातल्या चार-पाच बकऱ्यांच्या कमरेवर हात फिरवा, बारीक कोणती आणि जाड कोणती हे बोटांना आपोआप कळायला लागतं. हे शिक्षण फुकट आहे आणि पुस्तकातून येत नाही.

वजन

गुण हातानं कळतो, वजन काट्यावर. दोन्ही लागतात. जंताचं औषध, कुठलंही औषध वजनावर बेततात, आणि अंदाजानं कमी दिलेलं जंताचं औषध जंतांना फक्त सराव देतं, मारत नाही.

कापसाच्या गावात काट्याची अडचण नाही. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बायकांचा कापूस ज्या लटकत्या काट्यावर मोजतात, तोच घ्या. जाड चादरीची किंवा पोत्याची झोळी करा, चार पायांसाठी भोकं पाडली तर बकरी शांत राहते. पिल्लू तर साध्या पिशवीतही मावतं. झोळीचं वजन आधी करून वजा करा. दर पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी. उपाशीपोटी एवढ्यासाठी की भरल्या पोटी तीच बकरी दोन-तीन किलो जास्त भरू शकते आणि तुम्हाला वाटेल अंग धरलं.

काटा नसेल तर शिंप्याची टेप चालते. बकरी सरळ उभी करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, टेप घट्ट नाही आणि सैलही नाही. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. सगळं सेंटिमीटरमध्ये. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा आणि 10,840 नं भागा. उत्तर किलोमध्ये येतं. उदाहरणार्थ घेर 68 आणि लांबी 62 असेल, तर 68 गुणिले 68 म्हणजे 4,624, त्याला 62 नं गुणलं की 2,86,688, आणि भागाकार केला की सुमारे 26 किलो 400 ग्रॅम. इंचांत मोजलं असेल तर 10,840 ऐवजी 660 नं भागा. हा अंदाज दोन-तीन किलोंनी इकडेतिकडे होतो, आणि भरल्या दिवसांच्या बकरीत तर फारसा उपयोगी नाही. पण एकाच माणसानं एकाच टेपनं घेतलेलं माप महिन्यामागून महिना चढतंय की उतरतंय हे नक्की सांगतं.

किती वजन असावं, हा प्रश्न सगळे विचारतात. बेरारी ही विदर्भाची स्वतःची, अधिकृत नोंद झालेली जात. तिची पूर्ण वाढलेली मादी साधारण 30 किलोच्या आसपास भरते, नर काही किलो जास्त. मिश्र गावरान बकरी याहून लहानही असते आणि 22-25 किलोंतही ती निरोगी असू शकते. त्यामुळे शेजाऱ्याच्या बकरीशी तुलना करू नका. तुमची बकरी चार दाती झाली की, म्हणजे साधारण दोन वर्षांची, तिचा अंगाचा गुण 3 असताना जे वजन भरेल ते तिचं वजन. वहीत लिहून ठेवा, पुढे त्याच्याशीच ताडा.

बारीक दिसली म्हणून लगेच ढेप नको

बकरी खंगली की पहिला विचार ढेप, म्हणजे पेंड, चारून खुराक वाढवायचा येतो. आधी कारण शोधा.

खालच्या पापणीला हळूच खाली ओढून आतला रंग पाहा. लालसर गुलाबी असेल तर रक्त चांगलं. फिकट किंवा पांढरा असेल तर रक्त पिणारे जंत असण्याची दाट शक्यता, आणि अशा बकरीला कितीही चारा घातला तरी तो जंतांच्या पोटी जातो. जबड्याखाली मऊ सूज लोंबत असेल तर दुखणं फार पुढे गेलंय. आपल्याकडे पावसाळा आणि त्याच्या मागचा महिना हा जंतांचा खरा हंगाम. सकाळी दवात भिजलेल्या बुटक्या गवतावर बकरी सोडू नका, जंतांची पिल्लं ओल्या गवताच्या पात्यांवर चढलेली असतात. ऊन पडू द्या, मग सोडा. झाडझुडूप ओरबाडणारी बकरी गवत खाणारीपेक्षा जंतांपासून सुरक्षित, कारण जंत झाडाच्या उंचीपर्यंत चढत नाहीत.

औषध देण्याआधी जमल्यास लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन तपासा. औषध कोणतं आणि किती हे डॉक्टरांना विचारा, कारण बरीच औषधं बकरीला मेंढीपेक्षा वेगळ्या मात्रेत लागतात. बकरी नुकतीच गाभण राहिली असेल तर तसं आवर्जून सांगा. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात पिल्लाला घातक ठरू शकतं.

तोंड उघडून दात पाहा. म्हाताऱ्या बकरीचे पुढचे दात झिजतात, पडतात, आणि मग तिला कडबा चावता येत नाही. अशा बकरीला चारा बारीक कापून, कुटार (भुसा) थोडं भिजवून, कोवळा पाला तोडून द्यावा लागतो. केस विंचरून उवा-गोचिडं पाहा. खूर वाढून वाकले असतील तर बकरी झाडापर्यंत जात नाही, म्हणून बारीक होते. आणि एक साधं कारण, जे सगळ्यात जास्त राहून जातं. दुसरी बकरी तिला गव्हाणीवरून हुसकते. दोन दिवस चारा टाकताना उभं राहून नुसतं पाहा. हुसकली जात असेल तर वेगळं बांधून खायला घाला, एवढंच औषध.

रोजचा चारा, आपल्या भागातला

बकरीला रोज तिच्या वजनाच्या 3 ते 4 टक्के एवढा कोरडा ऐवज लागतो. कोरडा ऐवज म्हणजे पाणी वगळून उरलेला चारा. 25 किलोंच्या बकरीला हा हिशेब पाऊण ते एक किलो येतो. हिरव्या पाल्यात पाणीच जास्त, कोरडा ऐवज पाचवा ते चौथा हिस्सा. कुटारात मात्र दहातले नऊ भाग कोरडे. म्हणजे दिवसभर बांधलेल्या 25 किलोंच्या बकरीला साधारण दोन किलो पाला, चारशे ग्रॅम कुटार आणि शंभर ग्रॅम चुनी, म्हणजे डाळ भरडताना उरलेला चुरा, पुरते. बकरी चारा पायाखाली घालून वाया घालवते, म्हणून थोडा जास्त टाका आणि जमिनीवर न टाकता उंचावर बांधा. पाल्याची पेंढी दोरीनं लटकवली की बकरी मान वर करून, तिच्या सवयीनं खाते आणि वाया कमी जातं. पाच-सहा तास रानात चरणाऱ्या बकरीला संध्याकाळी थोडं कुटार आणि मूठभर पाला पुरतो.

आता कोणत्या महिन्यात काय. पावसाळ्यात हिरवं भरपूर, पण पाण्यानं भरलेलं. पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर बकरी दिवसभर तुटून पडली की लेंडी पातळ होते, वजन चढत नाही आणि पोट मात्र भरलेलं. या दिवसांत सकाळी सोडण्याआधी मूठ-दोन मुठी तुरीचं कुटार द्या, पोट ताळ्यावर राहतं. सोयाबीन निघालं की त्याचं कुटार, मग तूर निघाली की तुरीचं, मग हरभऱ्याचं. तुरीचं कुटार बकरीला फार आवडतं आणि कसदारही असतं. वर्षभराचं साठवायचं तर तेच साठवा, पावसापासून झाकून. बुरशी आलेलं कुटार कितीही जिवावर आलं तरी उकिरड्यावर टाका.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे धानाची तणीस ढिगानं असते. बकरी ती नाखुशीनं खाते आणि तिच्यात फारसा कस नाही, पोट भरायचंच काम करते. तिकडे लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीच्या पिकाचं, कुटार आणि रानातला पाला हाच बकरीचा खरा आधार.

उन्हाळा कठीण. गवत संपतं, झाडं राहतात. बोर, उंबर, पिंपळ, वड, अंजन, कडुनिंब, शेवगा, बाभळीच्या शेंगा. अंजनाची झाडं ज्या गावात आहेत, त्यांनी ती जपावीत, उन्हाळ्यातला तो मोठा ठेवा आहे. कुंपणाला शेवरी, हादगा, सुबाभूळ लावून ठेवलं तर एप्रिल-मेमध्ये बकरी उभी राहते. सुबाभळीत मिमोसिन नावाचा घातक घटक असतो, म्हणून तिचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. रोज एकच झाड न देता दोन-तीन मिसळून देणं केव्हाही चांगलं.

पाणी विसरू नका. विदर्भात पारा 45 ला टेकतो, तेव्हा लहान बकरीलाही दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागू शकतं, दुधाळ बकरीला त्याहून जास्त. पाणी सावलीत, मातीच्या टाक्यात, रोज बदललेलं. बकरी घाण पाणी पीत नाही, उपाशी राहील पण पिणार नाही, आणि पाणी कमी पडलं की चाराही कमी खाते. मीठ आणि खनिज मिश्रण मिळून रोज 5 ते 10 ग्रॅम चुनीत मिसळा, किंवा चाटण्याची वीट गोठ्यात टांगा.

खुराक किती

चुनी, ढेप, भरडा यांना आपल्याकडे फार मान आहे. घरच्या, दूध न देणाऱ्या, गाभण नसलेल्या बकरीला चारा बरा मिळत असेल तर खुराकाची गरज जवळजवळ नसते. रोज 50 ते 100 ग्रॅम चुनी, तीही उन्हाळ्यात. दूध देणाऱ्या बकरीला एवढं आणि वर प्रत्येक लिटर दुधामागे साधारण 300 ते 400 ग्रॅम. 100 ग्रॅम म्हणजे घरातल्या कोणत्या वाटीनं किती, हे एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर मोजून घ्या आणि तीच वाटी त्या कामाला ठेवा. "मूठभर" हे माप घरात ज्याची जशी मूठ तसं बदलतं.

अकोल्याकडच्या डाळ मिलमधली तुरीची चुनी, हरभऱ्याची चुनी बकरीला चांगली. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल नावाचं विष थोडं असतं. मोठ्या बकरीचं कोटीपोट ते बऱ्याच अंशी निष्प्रभ करतं, पण लहान पिल्लाला ही ढेप देऊ नका. गायी-म्हशींच्या तयार खाद्यात काही वेळा युरिया असतो. पोत्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय बकरीपुढे ठेवू नका.

आणि शिळ्या भाकरी-पोळ्यांचं बोलायलाच हवं. लग्नाच्या दिवसांत, भंडाऱ्याच्या पंगतीनंतर उरलेला भात, पोळ्या, बुंदी बकऱ्यांपुढे टाकतात, मायेनंच टाकतात. बकरीच्या कोटीपोटातले जीवाणू चारा पचवण्यासाठी असतात. अचानक भरपूर पिठूळ अन्न गेलं की पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, आंबट वासाची हगवण लागते, बकरी कोपऱ्यात मान टाकून बसते आणि एक-दोन दिवसांत मरूही शकते. ऑक्टोबरमध्ये दावं तोडून सोयाबीनच्या ढिगावर गेलेली बकरी, मार्च-एप्रिलमध्ये अंगणात वाळत घातलेली मोहफुलं खाल्लेली बकरी, यांचंही हेच. असं झालं तर पाणी पाजत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. नळीनं किंवा बाटलीनं काही पाजायचंच झालं तर मान उंच ताणू नका, औषध फुफ्फुसात जातं. रोज अर्धी भाकर दिली तर काही होत नाही, पण तीही चुनीच्या हिशेबात धरा.

चाऱ्यातला कुठलाही बदल आठ-दहा दिवस घेऊन करा. जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत जा.

जाड बकरी आणि खच्ची बोकड

घरातल्या मुलांनी सांभाळलेला खच्ची बोकड हा सगळ्यात जास्त खाऊ घातला जाणारा प्राणी. तो दूध देत नाही, पिल्लं देत नाही, त्याला चाऱ्यावर उत्तम राहता येतं. त्याला दाणे, गव्हाचा आणि धानाचा कोंडा भरपूर दिला की शरीरात फॉस्फरस वाढतो आणि लघवीच्या मार्गात खडे होतात. बोकडाचा तो मार्ग अरुंद, त्यामुळे खडा अडकतो. बोकड लघवीसाठी कुंथतो, ओरडतो, थेंब थेंब येते, शेपूट हलवत राहतो. घरच्यांना वाटतं शी अडकली. वेळेत इलाज झाला नाही तर मूत्राशय फुटतं. म्हणून खच्ची बोकडाला खुराक शक्यतो नाहीच. पाणी भरपूर, मीठ नियमित, म्हणजे तो जास्त पाणी पितो.

जाड बकरीला उतरवायचं तर उपाशी ठेवू नका. आधी खुराक आणि भाकरी दोन आठवड्यांत हळूहळू बंद करा. पाला तसाच ठेवा, कुटार द्या, रोज रानात चालवा. महिन्याला अर्धा ते एक किलो उतरलं तरी पुष्कळ. गाभण बकरीचं वजन मात्र उतरवायला जाऊ नका. ते काम बोकड दाखवण्याआधीच व्हायला हवं.

गाभण बकरी, पिल्लू

बकरी साधारण 150 दिवसांनी विते, आणि पोटातल्या पिल्लाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. त्याच वेळी पिल्लांनी पोटातली जागा व्यापल्यामुळे बकरीला एका वेळी कमी खाता येतं. म्हणून या दीड महिन्यात 100 ग्रॅमपासून सुरू करून खुराक हळूहळू 200-250 ग्रॅमपर्यंत न्या, दोन वेळांत विभागून, आणि चांगला पाला सतत समोर ठेवा. जुळं-तिळं असलेली बकरी फार जाड असेल किंवा फार बारीक असेल, तर शेवटच्या दिवसांत अंगातली चरबी वेगानं वितळते, बकरी खायचं सोडते, सुस्त होते, उठत नाही. ही तातडीची गोष्ट आहे, संध्याकाळपर्यंत वाट पाहू नका.

पिल्लाला जन्मल्यावर तासा-दोन तासांच्या आत चीक मिळालाच पाहिजे. काही घरांत वार पडेपर्यंत पिल्लाला पाजत नाहीत. ही रीत सोडा, तिच्यामुळे पिल्लं जातात. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पोटात जायला हवा, म्हणजे दोन किलोंच्या पिल्लाला सुमारे 200 मिली, तीन-चार वेळांत. दोन-तीन आठवड्यांनी कोवळा पाला समोर लटकवा, चघळत चघळत त्याचं कोटीपोट तयार होतं. दूध तीन महिन्यांनी तोडा. पिल्लाचं वजन आठवड्याला घ्या. गावरान पिल्लू रोज 50 ग्रॅमच्या पुढे वाढत असेल, तर ठीक चाललंय. दोन आठवडे काटा हललाच नाही तर दूध कमी पडतंय, नाहीतर जंत.

काय खाऊ देऊ नये

ज्वारीचं कोवळं पीक, साधारण दीड महिन्याच्या आतलं, आणि कापणीनंतर धसकटांतून फुटलेले हिरवे फुटवे. पाण्याच्या ताणावर असतील तर अधिकच. त्यातलं सायनाइड काही मिनिटांत बकरी पाडतं. रायमुनिया, म्हणजे घाणेरी, खाल्ल्यानं कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलते. बेशरमाची झुडुपं नाल्याकाठी उन्हाळ्यातही हिरवी राहतात, आणि एकदा चटक लागली की बकरी पुन्हा पुन्हा तीच शोधते, मग तोल जातो, मान थरथरते. कन्हेराची चार पानंही जीव घेतात. एरंडाच्या बिया, धोतरा. फवारलेल्या कपाशीत, तिच्या धुऱ्यावर बकरी सोडू नका. शेजारच्या शेतात कधी फवारणी झाली हे विचारूनच चारायला न्या. पऱ्हाटीत, म्हणजे कापूस वेचून झालेल्या कपाशीत, बकऱ्या घालायच्या त्या शेवटच्या फवारणीनंतर पुरेसे दिवस गेल्यावरच.

डॉक्टर कधी आणि त्यांना काय सांगावं

डावी कूस टणक फुगली, बकरी दात खाते, दिवसभर रवंथ नाही, लघवी अडली, भरल्या दिवसांची बकरी बसून राहिली, जबड्याखाली सूज आली, ताप 104 फॅरनहाइटच्या पुढे गेला, यातलं काहीही झालं तर थांबू नका. डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून धरली की निरोगी बकरीचं कोटीपोट मिनिटातून एक-दोनदा मुठीला वर ढकलतं. दोन-तीन मिनिटं काहीच हललं नाही, तर तेही सांगण्यासारखं लक्षण आहे. गावापासून दवाखाना दूर असेल तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यांत विष तयार होणाऱ्या रोगाची) लस टोचून घ्या, आणि पीपीआर या साथीच्या रोगाची झाली आहे का तेही त्याच वेळी विचारा.

डॉक्टर आले की वही पुढे करा. तिच्यात तारीख, वजन, कमरेचा आणि छातीचा गुण, पापणीचा रंग, त्या पंधरवड्यात चाऱ्यात काय बदललं, जंताचं कोणतं औषध कधी आणि किती दिलं, बोकड कधी दाखवला, एवढं असलं की डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो आणि बकरीला औषध तिच्या खऱ्या वजनाच्या मात्रेत मिळतं.